कागद नसलेली पद्मिनी कुणाची होती, ते आज कळलं

जुन्या गाड्यांच्या वेडात असलेल्या मंडळींनो, आज माझं डोकं फिरलंय.

दोन वर्षांपूर्वी चिरनेरच्या एका माणसाकडून मी भंगारातली पद्मिनी घेतली. आरसी बुक नव्हतं. "कागद काय, होतील नंतर," तो म्हणाला. इंजिन बांधलं, पत्रा ठोकला, रंग दिला. रजिस्ट्रेशनसाठी मूळ मालकाची सही हवी होती. चॅसी नंबरवरून नाव मिळालं आणि आज सकाळी मी करंजाड्याला पोचलो.

मालक वारले होते. दार त्यांच्या मुलाने उघडलं, साठीचे गृहस्थ. मी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. ते पांढरे पडले.

"ही दारातून चोरीला गेली होती. बाबा वर्षभर पोलिसात खेटे घालत होते. तुम्ही चोराकडून घेतलीत आणि माझ्याकडे सही मागता? निघा!"

दार धाडकन बंद झालं. मी जिन्यातूनच चिरनेरच्या त्या माणसाला फोन लावला.

"तुमी बगूनच घेतली ना? मंग आता मला कशाला इचारता? मला काय म्हायती नाय," म्हणाला आणि फोन कट.

तसाच चौकीत गेलो आणि सगळं लिहून दिलं. उद्या पोलीस गाडी घेऊन जातील.

'पेपर नाहीत, प्रोजेक्टसाठी उत्तम' अशा जाहिराती या ग्रुपवर रोज टाकणाऱ्यांनो, ती गाडी कुणाच्या दारातून आली, हे कधी विचारलंत?

मीही नव्हतं विचारलं.