बुलेटचं मागचं टायर

सत्यमच्या हातून आयुष्यात काही ठरणारच नाही, ही काळजी मंजुश्रीबाईंच्या मनातून जाता जात नव्हती. पोरगा एकतीस वर्षांचा झाला. लातूरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत नोकरीला. स्वभावानं गरीब, पण चष्म्याची फ्रेम निवडायला त्याला तीन रविवार लागले होते. लग्नासाठी आलेले मुलींचे फोटो तो कपाटातल्या फायलीत तारीखवार लावून ठेवायचा, आणि पुढं काही बोलायचा नाही.

तशात त्यानं आजोबांची बुलेट जळकोटहून आणली. अठ्ठ्याहत्तरची गाडी, वीस वर्षं गोठ्यात उभी. कोपऱ्यावरच्या गुलाम रसूल मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं, पण टायरांना हात हात भेगा. "या टायरांवर गल्लीबाहेर जायचं नाही," मंजुश्रीबाईंनी बजावलं.

सत्यमला तेवढंच निमित्त पुरलं. पुढच्या टायरला लांब रेघांची नक्षी हवी, मागच्याला चौकड्यांची. माप मूळचंच हवं. शिवाय बाजूला छापलेला आठवडा आणि वर्ष बघून ताजा माल घ्यायचा, कारण रबर न वापरताही कडक होतं. रोज जेवताना ऐकून ऐकून हे सगळं मंजुश्रीबाईंना पाठ झालं.

असली टायरं नांदेडला विरूपाक्ष अण्णांच्या दुकानात मिळतात असं कळलं. पहिल्या रविवारी सत्यमनं पुढचं टायर आणलं, अगदी झकास. दुसऱ्या रविवारी मागचं आणलं, तर त्यावर रेघाच. तिसऱ्या रविवारी बदलून आणलं, तर नक्षी बरोबर, पण माप एक इंच लहान. चौथ्या रविवारचं टायर सहा वर्षं जुनं निघालं. दर खेपेला टायर खांद्यात अडकवून एसटीतून जायचं नि यायचं. कंडक्टरसुद्धा ओळखायला लागला. "मास्तर, आज खिडकी कोणाला, तुम्हाला का टायरला?"

आपल्या भोळ्या पोराला नांदेडवाले लुटतायत, या विचारानं मंजुश्रीबाईंची झोप उडाली. सोमवारी सत्यम कामावर गेल्यावर त्यांनी ते टायर रिक्षात घातलं आणि गुलाम रसूलचं गॅरेज गाठलं.

"रसूलभाई, त्या दुकानदाराला जरा दम द्या. चार खेपा झाल्या."

गुलाम रसूलनं टायर एकदा फिरवून बघितलं आणि हसता हसता स्टुलावर बसला.

"वैनी, सव्वातीन-एकोणीस. हे माप तुमच्या पोरानंच मला शिकवलंय. एवढं ठाऊक असून दर बारीला चुकीचंच उचलायचं, याला लई हुशारी लागते."

"म्हणजे?"

"चुकीचं आणलं की बदलायला जाता येतं. मीबी तिथनंच माल आणतो, अण्णा रविवारी गावाकडं असतात. दुकानात त्यांची पोरगी बसते, तनुजा."

मंजुश्रीबाई रिक्षात बसल्या, तेव्हा टायर गॅरेजातच राहिलंय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. घरी येऊन त्यांनी थेट कपाट उघडलं. फोटोंच्या फायलीवर दुकानाच्या चार पावत्या नीट टाचून ठेवल्या होत्या. सगळ्यांवर एकच गोल, वळणदार अक्षर. शेवटच्या पावतीवर खाली लिहिलं होतं: "आमच्याकडची चुकीची टायरं संपली. आता पुढच्या रविवारी काय नेणार? – तनुजा."

त्यांना एवढं हसू आलं की त्या अंगणात जाऊन बुलेटवरच बसल्या. लुगडं सावरून, दोन्ही हात हँडलवर. शेजारच्या पारूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "कुठं निघालात?"

"नांदेडला," मंजुश्रीबाई बोलून गेल्या.

मग मात्र त्यांचा जीव पुन्हा खाली-वर झाला. हा मुलखाचा लाजरा. रविवारी जाईल, बरोबर टायर घेईल, "थँक्यू" म्हणेल आणि गुपचूप परत येईल. मग पुन्हा जायला कारणच उरणार नाही.

त्या खाली उतरल्या. चष्मा लावला, पावतीवरचा दुकानाचा नंबर दोनदा वाचला. आज सोमवार, फोन अण्णाच उचलतील. उचलू देत, त्यांच्याशीच बोलायचंय. येत्या रविवारी गावाकडं जाऊ नका, टायर बदलायला आम्ही मायलेक दोघं येतोय, एवढंच सांगायचं. मंजुश्रीबाईंनी मोबाइल हातात घेतला.