वेंडेलच्या काडतुसातला रवा

वेंडेल टेश आमच्या समोरच्या घरात राहतो. विस्कॉन्सिनच्या ह्या कोपऱ्यात बंदूक घरोघरी आहे, पण विकतचं काडतूस उडवणं वेंडेलच्या लेखी निव्वळ उधळेपणा. उडालेली टरफलं वेचून आणायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र लावून पुन्हा भरायची, हा त्याचा जन्माचा नाद. खाली दारू, वर छर्रे, आणि छर्ऱ्यांच्या फटीत काहीतरी भरड, म्हणजे छर्रे एकमेकांवर आपटून चेपत नाहीत आणि घोळक्याने जातात. हे काहीतरी बायकोच्या फडताळातून येतं. मक्याचं पीठ झालं, ब्रेडचा चुरा झाला, एकदा तर नाताळच्या केकवरची रंगीत साखर गेली. शेवटी गडी रव्यावर स्थिरावला.

त्याची बायको आर्लिस रोज सकाळी रव्याची लापशी खाते. म्हणजे खायची. "खोका उघडावा तर आत छर्रे," ती मला म्हणाली. "माझा दात गेला असता, ओपल."

मग तिने नवऱ्याला बजावलं, "ह्या ईस्टरला नेमबाजीच्या क्लबातलं बक्षिसाचं हॅम जिंकून दाखव. नाहीतर ते यंत्राचं धूड कोंबड्यांच्या खुराड्यात."

वेंडेलचं तोंड एवढंसं झालं. लग्न झाल्यापासून त्याने हॅम कधी जिंकलं नव्हतं. दर ईस्टरला डुकराची ती खारवलेली मांडी दुकानातूनच यायची. आणि खुराड्यात दमट हवा, दारू सादळणार. शिवाय तिथे बटाटे सोलता सोलता त्याच्याशी भांडायला आर्लिस नाही. हे तो बोलला नाही, पण मला काय दिसत नाही होय?

आर्लिसने खरा रवा शिवणाच्या डब्यात लपवला आणि खोक्यात कपडे धुण्याची पावडर भरून ठेवली. तिला वाटलं, उघडल्याबरोबर कळेल, ओशाळेल. पण तंबाखू चघळून चघळून वेंडेलचं नाक आणि जीभ केव्हाच कामातून गेलेली. त्याने शांतपणे काडतुसं भरली.

आमच्या क्लबात रीत अशी की प्रत्येकाने आपापल्या पुठ्ठ्यावर एकच बार टाकायचा. ज्याचा छर्रा फुलीच्या सगळ्यात जवळ, त्याला हॅम. आणि जिंकणाऱ्याने काडतुसात काय भरलं ते सगळ्यांसमोर खरं सांगायचं. खोटं निघालं तर हॅम परत, आणि माणूस क्लबाबाहेर.

त्या दिवशी ओलं बर्फ पडत होतं. वेंडेलने बार टाकला आणि बंदुकीच्या तोंडाला पांढरा फेस आला.

"अरे, पिसाळली की काय तुझी बंदूक?" क्लबाचा अध्यक्ष गेरहार्ड म्हणाला. लोक पोट धरधरून हसले. पुठ्ठा आणला, तर छर्रा फुलीच्या बरोबर मधोमध. नशीब म्हणा, काहीही म्हणा. वेंडेल हॅम छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "रवा. माझ्या आर्लिसच्या खोक्यातला."

आर्लिसने माझा दंड असा दाबला की काळानिळा पडला. "तो खोटं बोलत नाहीये गं," ती कुजबुजली आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॅम भाजायला माझं मोठं भांडं घेऊन गेले, तर गेरहार्ड दारात हजर. "रव्याला फेस येत नाही, वेंडेल. तो खोका बघू."

"बघतोस काय, खाऊनच बघ," वेंडेल म्हणाला आणि खोक्यातलं थेट उकळत्या दुधात ओतलं. पातेल्यात फेसाचा डोंगर झाला.

"हे काय?" गेरहार्डने विचारलं.

"दूध उतू जातंय," आर्लिस म्हणाली. तिने वाटी भरून घेतली, वर मेपलचा पाक ओतला आणि चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळलं बाईने. "छान झालीय. गेरहार्ड, वाढू का?"

वेंडेलनेही घास घेतला. तो थांबला. त्याने आर्लिसकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, पुन्हा आर्लिसकडे पाहिलं. मग दुसरा घास घेतला. दोघं समोरासमोर बसून ती वाटी संपवत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. हसू की रडू, मला कळेना.

"मला नको," गेरहार्ड म्हणाला. "तुम्ही खाताय म्हणजे रवाच." आणि गेला.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर वेंडेल उठला. "रवा नव्हता, म्हणजे मी जिंकलोच नाही," म्हणत त्याने यंत्राचे स्क्रू काढले, धूड उचललं आणि खुराड्याकडे निघाला. आर्लिस नळाशी चुळा भरत होती. तोंडात पाणी, बोलता येईना, म्हणून तिने पाय लांब करून दार अडवलं.

चूळ थुंकून ती म्हणाली, "ठेव ते जागेवर. आणि पुन्हा माझ्या रव्याला हात लावलास ना..."

पुढचं राहिलंच. तिच्या तोंडातून एक मोठा बुडबुडा आला, आणि तो फुटेपर्यंत वेंडेल यंत्र पोटाशी धरून बघत उभा होता.