जिथल्या तिथे

आमचे हे एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, जावई कॉम्प्युटरमध्ये आहे. नंतर कळलं की जावई बराचसा वेळ टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात असतो. ऑफिसात त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात. कुणी घाबऱ्याघुबऱ्या फोन करून 'माझं सगळं गेलं' असं म्हणालं की यांचा पहिला शब्द 'सावकाश' आणि दुसरं वाक्य 'काही दाबू नका'. हा मंत्र ते घरीही म्हणतात, दूध उतू जात असतानासुद्धा.

गेल्या वर्षी त्यांचं ऑफिस एका मोठ्या ऑफिसात विलीन झालं. माणसं तीच राहिली, टेबलं तीच राहिली, पण सगळे कॉम्प्युटर जुन्या नेटवर्कच्या डोमेनमधून काढून नव्या डोमेनमध्ये घालायचे होते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा माझ्यासोबत भाजी निवडताना यांनी समजावून सांगितलं. डोमेन बदललं की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही परके. जन्म त्या खुर्चीवर गेला असला तरी तो ओळख दाखवत नाही, कोराकरकरीत स्क्रीन पुढे करतो. तुमच्या फायली, तुमचे फोटो, खुणा करून ठेवलेली पानं, डोळ्यांना झेपावीत म्हणून मोठी केलेली अक्षरं, हे सगळं आतच एका फोल्डरमध्ये पडून असतं. त्याला प्रोफाइल म्हणतात. फक्त ते तुमचं आहे, हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं.

"मग तुम्ही काय करता? सगळं उचलून नव्या जागी नेता?"

"छे. सामान हलवायचंच नाही. नव्या नावाला जुन्या फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि त्याच्यावर हक्क लावून द्यायचा. सकाळी माणूस येतो, बसतो, कामाला लागतो. काही झालंय हे त्याला कळतही नाही."

'कळतही नाही' म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलला की मला हसू आलं. लोक केलेलं काम चारजणांना दिसावं म्हणून धडपडतात, आणि माझ्या नवऱ्याला ते कुणाला न दिसण्यात धन्यता.

कामाला हात घालण्याआधी ते प्रत्येकाच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवत. त्यांच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंच्या स्क्रीनवर त्यांच्या भाच्याचा फोटो आहे आणि रोज लागणारी एक फाइल नेमकी त्याच्या नाकावर बसलेली आहे. डोमेन बदलल्यावरही ती नाकावरच राहील, याची यांनी जातीने तयारी करून ठेवली. मी विचारलं, जरा बाजूला सरकली तर काय आभाळ कोसळेल? तर म्हणाले, "त्यांचा हात न बघता नाकावर जातो."

त्याच सुमारास आमच्या घरमालकाने त्याच्या मुलासाठी घर मागितलं आणि आम्हाला दुसरी जागा बघावी लागली. जागा चांगली मिळाली. लिफ्ट होती, गॅलरी होती, हवा खेळती होती. प्रश्न होता तो बाबांचा.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू नेले. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. पण त्या जुन्या घरात त्यांना डोळ्यांची गरजच उरली नव्हती, इतकं ते घर अंगवळणी पडलं होतं. कपाटाच्या कडेला बोटं लावत ते स्वयंपाकघरात यायचे आणि स्वतःचा चहा स्वतः करायचे, माझ्या हातचा पाणचट असतो म्हणून. दारावरची बेल वाजली की माझ्या आधी दाराशी तेच. कडी काढून असं काही दरडावून "कोण पाहिजे?" म्हणायचे, की वस्तू विकायला आलेली पोरं आल्या पावली परत फिरायची. बाबांना दिसत नाही, हे कित्येकांना निघेपर्यंत कळायचं नाही.

नणंदबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, नव्या जागेत त्यांचं अवघड आहे गं. हात धरायला माणूस ठेवावा लागेल. नाहीतर एका खोलीत बसून राहतील."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. आमच्या ओळखीतले एक आजोबा असेच घर बदलल्यावर पलंगाला चिकटले, ते पुन्हा आपण होऊन उठले नाहीत. बाबांच्या कानावरही हे गेलं असावं. एकदा चहा ढवळताना ते म्हणाले, "माझं काय, द्याल त्या कोपऱ्यात बसेन." सगळ्या घरावर हुकूम चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून 'द्याल त्या' मी पहिल्यांदाच ऐकलं.

हे मात्र म्हणाले, "सावकाश. बाबांना कळणारही नाही."

मग यांनी जे आरंभलं त्याला तोड नाही. जुन्या घराच्या कोपऱ्या-कोपऱ्याचे फोटो काढले. टेप घेऊन पलंगापासून दार, दारापासून कपाट, कपाटापासून ओटा, सगळी मापं घेतली. बाबांना नणंदबाईंकडे पाठवून दिलं. कामाची दुसरी रीत यांना ठाऊकच नाही: माणूस घरी गेल्यावर हात घालायचा आणि तो परत यायच्या आत सगळं जिथल्या तिथे. नवी खोली मोठी होती, तर कपाट भिंतीपासून पुढे ओढून मधलं अंतर जुन्याइतकं केलं. कपाटामागे एवढी पोकळी राहिली की मी तिथे झाडू घेऊन उभी राहू शकत होते. एक डुगडुगणारं स्टूल मी या निमित्ताने भंगारात काढणार होते. तर म्हणाले, "ते डुगडुगतं, म्हणूनच बाबांना कळतं की हेच ते." मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, रात्री त्या स्टुलाचा एक पाय ते पुसत बसलेले दिसले, तेव्हा मला या माणसाची फार माया आली.

बाबा आले. यांनी त्यांना पलंगाशी नेऊन सोडलं आणि आपण दाराशी श्वास धरून उभे राहिले. बाबांचा हात उशापाशी गेला, रेडिओ सापडला. कपाटाची कड सापडली, ओटा सापडला. कुठे ठेच नाही, कुठे चाचपणं नाही. सगळं फिरून ते पलंगाशी आले आणि म्हणाले, "छान लावलंयस."

आमचा जीव भांड्यात पडला. आणि बाबा जे पलंगावर बसले, ते उठेनात.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, थोडं पाणी मिळेल का?" मिळेल का? पाण्याचा जग जुन्या घरात होता तिथेच, हाताच्या अंतरावर. चहा मी करीन तसा मुकाट्याने प्यायचे, पाणचट म्हणून एक शब्द नाही. रेडिओ लावायच्या आधी विचारायचे, "लावू का?" बेल वाजली की मान वळवून बसून राहायचे. पाहुणा कसा अवघडून बसतो आणि यजमानांना त्रास नको म्हणून तहान मारतो, तसे बाबा स्वतःच्या घरात राहू लागले.

यांना काही सुचेना. ऑफिसातून आले की टेप काढून पुन्हा मापं घ्यायचे. कपाट बोटभर इकडे, बोटभर तिकडे. मी म्हटलं, "अहो, मापात नाही चूक." मग कशात आहे, हे मलाही सांगता येत नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांवर चिडत होतो. नणंदबाईंनी फोनवर पुन्हा माणसाचं विचारलं, आणि या वेळी हे 'बघू' म्हणाले. ते 'बघू' बाबांनी ऐकलं असणार. कान त्यांचे पहिल्यापासून तिखट.

अशातच एका संध्याकाळी हे उतरलेल्या चेहऱ्याने घरी आले. चहाचा कप तसाच धरून बसले. मी विचारल्यावर बाबांच्या देखतच सांगितलं. आदल्या रात्री हिशेबनीस बाईंचा कॉम्प्युटर नव्या डोमेनमध्ये घातला होता; सकाळी त्यांनी तो उघडला, तर समोर कोरा स्क्रीन. ना भाचा, ना फाइल. खाली एक ओळ, की हे प्रोफाइल तात्पुरतं आहे. म्हणजे त्यात जे काम कराल ते बंद करताच पुसलं जाईल. बाईंनी अर्धा दिवस त्यातच काम केलं होतं आणि आता रडकुंडीला आल्या होत्या.

"सगळं गेलं?" मी विचारलं.

"काहीच गेलं नव्हतं. फोल्डर आत जागच्या जागी, पत्ताही बरोबर दिलेला. त्यांचं आजचं काम आधी बाजूला काढून ठेवलं, मग शोधलं कुठे घोडं पेंड खातंय ते. हक्क लावायचा राहिला होता. घराच्या या गडबडीत माझ्याकडूनच राहिला. सामान त्यांचं, जागा त्यांची, पण त्यांना आपल्याच फोल्डरला हात लावायची परवानगी नाही. मग कॉम्प्युटर पाहुण्यासारखं वागवतो."

पलंगावरून बाबा म्हणाले, "मग काय केलंस?"

"हक्क दिला. भाचा आला परत."

बाबा पलंगावर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "डेपोत आमच्या एक क्लीनर होता. भारी जीव लावायचा. मी ड्यूटीवर यायच्या आत माझी सीट माझ्या मापाने लावून ठेवायचा. आरसेसुद्धा. काडीचा फरक नसायचा. तरी मी चढलो की खटका ओढून सीट मागे न्यायचो आणि परत पुढे घ्यायचो. तो रुसायचा. म्हणायचा, कुठे चुकलं ते तरी सांगा."

"कुठे चुकायचं?" यांनी विचारलं.

"कुठेच नाही रे. पण आपल्या हाताने लावल्याशिवाय गाडी ताब्यात आल्यासारखी वाटत नाही."

एवढं बोलून बाबांनी पाणी मिळेल का म्हणून विचारलं. मी उठत होते. यांनी मला हातानेच थांबवलं आणि बापाच्या पायाशी जाऊन बसले. "बाबा, उद्या मी रजा घेतो. सगळं खोलीच्या मधोमध आणून ठेवतो. तुम्ही सांगाल तसं लावू. नाही, तुम्हीच लावा."

"कपाट जड आहे," बाबा म्हणाले.

"ढकलायला मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात जो काही गोंधळ झाला, तो विचारू नका. बाबांनी आधी मोकळ्या झालेल्या खोलीला भिंतीभिंतीने हात लावला. खिडकीशी थांबून वारा कुठून येतो ते गालावर घेतलं. मग म्हणाले, पलंग इकडे. यांच्या तोंडून निघालंच, "पण बाबा, जुन्या घरात तर..."

"जुन्या घरात इथे खांब होता. मला कधी आवडला नाही तिकडचा पलंग."

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. कपाट भिंतीला टेकलं. रेडिओ गॅलरीच्या दाराशी गेला. खुर्ची बाहेरच्या दाराजवळ आली. आणि ते डुगडुगणारं स्टूल हातात घेऊन बाबा म्हणाले, "हे अजून टाकलं नाही होय?" मी यांच्याकडे बघितलं. यांनी छताकडे बघितलं.

दुपारी बाबा एकटे ओट्याकडे निघाले आणि कपाटाच्या नव्या कोपऱ्यावर त्यांचा गुडघा चांगलाच आपटला. हे धावणार, तोच मी मागून यांचा शर्ट धरला. बाबांनी गुडघा चोळला, कोपरा दोनदा हाताने चाचपला, कपाटाला एक शिवी हासडली आणि पुढे गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सूनबाई, चहापत्तीचा डबा कुठे दडवलास? मी करतो. तुझा पाणचट असतो." मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

आठवडाभराने ऑफिस सुटायच्या वेळेला बेल वाजली. मी कणीक मळत होते. हात धुऊन उठेपर्यंत खुर्ची करकरली, कडी निघाली, आणि तो जुना आवाज दरडावून म्हणाला, "कोण पाहिजे?"

बाहेरून यांचा आवाज आला. "मी आहे, बाबा."

"मग ये ना आत. आणि चपला डावीकडे काढ. उजवीकडे माझी काठी असते."

हे आत आले. घराची किल्ली शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत होती. मी पुन्हा कणीक मळायला घेतली. तेव्हापासून हे रोज बेल वाजवतात, आणि मी स्वयंपाकघरातून उठत नाही.