चार भोकांचा माठ

टँकरभाभी बाजारात शिरल्या की भाजीवाल्या बायका पदर सावरून बसायच्या. कारण पालकाची जुडी हातात घेतली की भाभी ती आधी जोरात झटकायच्या, आणि पाणी कुणाच्या तोंडावर उडतंय याची पर्वा करायच्या नाहीत. "पाणी माझ्या घरी हाय. तू पालक दे," असं म्हणत जुडी पिशवीत टाकायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाभी, जुडी नगावर मिळते. ती ओली असली काय नि कोरडी असली काय, पैसे तेवढेच." भाभींनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच झटकला गेलो. म्हणाल्या, "बाबूजी, पैशाचं सोडा. पिशवी कोन उचलून राह्यलं? तुमी का मी?"

त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण तीन पिढ्यांपासून आमच्याच मातीतलं. गाव अंबड तालुक्यातलं. नाव सांगत नाही, आमच्या गावचे लोक चटकन भडकतात. भाभींचे यजमान पाण्याचा टँकर चालवायचे. ते ऐन उमेदीत गेले तेव्हा दीर-सासऱ्यांनी टँकर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकसुद्धा दारात आलं होतं. भाभी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या, टँकरच्या केबिनमध्ये चढल्या आणि आतून दार लावून घेतलं. सासरे म्हणाले, बाईमाणसानं टँकरवर बसणं चांगलं दिसत नाही. आतून उत्तर आलं, "मंग नका बघू." गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं.

त्यानंतर दुष्काळाची कितीतरी वर्षं भाभी ड्रायव्हर अजीजच्या शेजारी बसून शहागडहून पाणी आणत राहिल्या. अख्ख्या गावाला त्यांनी पाणी पाजलं. पाणी किती जड असतं हे त्यांना टायरच्या आवाजावरून कळायचं. एकदा भर रस्त्यात त्यांना टँकरची तोटी गळताना दिसली, तर त्यांनी गाडी थांबवायला लावून डोक्यावरचा पदर टरकन फाडला आणि तोटीला गुंडाळला. अजीज चाचरत म्हणाला, भाभी, साडी नवी होती. त्या म्हणाल्या, "पाणी वाहणं माझा धंदा हाय अजीज. सांडत नेणं न्हाई."

पुढे गावात नळ आले, टँकर भंगारात गेला, आणि भाभी ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. मी तिथं लिपिक. आमच्या पंचायतीत बांधकामाचं काम मागायला रांग लागते. कचऱ्याचं नाव काढलं की सगळ्यांना घरची कामं आठवतात. तेव्हा कचरा भाभींच्या गळ्यात पडला. पंचायतीची एक घंटागाडी होती, म्हणजे छोटा टेम्पो, आणि तिच्यावर तोच अजीज. पण डिझेलचे पैसे महिना संपायच्या आत संपायचे. मग शेवटचा आठवडा गाडी पंचायतीसमोर उभी, आणि कचरा चौकाचौकांत कुजत पडलेला.

अशात एक ठेकेदार आला. त्याच्याकडे मोठी बंद गाडी होती, कचरा दाबून भरणारी. त्याचं म्हणणं सोपं होतं: पंचायतीनं आपली गाडी विकून टाकावी, कचरा तो नेईल, आणि वजनावर पैसे घेईल. सरपंचांना हायसं वाटलं. गाडी गेली असती, अजीजची रोजी गेली असती, आणि गावाच्या उंबऱ्यावर कायमचा तराजू लागला असता. हे सगळ्यांना दिसत होतं, पण वास इतका सुटला होता की कुणाला बोलवत नव्हतं. बैठकीत भाभी तेवढ्या उठल्या.

"वजनावर पैशे म्हंता. कचरा ओला असला तर?"

"ओला असणारच भाभी. घराघरातलं खरकटं, भाजीपाला..."

"म्हंजे त्यात पाणी. आनि त्या पाण्याचे पैशे आमी द्यायचे?"

ठेकेदार हसला. म्हणाला, आता पाणी काय वेगळं काढणार का?

"मी काढते," भाभी म्हणाल्या. "जल्मभर पाणी इकलंय मी. आमचंच पाणी कोन आमालाच इकून राह्यलं तर मला बराबर कळतं."

बैठक संपेपर्यंत त्यांनी दसऱ्यापर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली. दसऱ्यापर्यंत आहे त्याच डिझेलवर गाडी महिनाभर चालली तर गाडी गावाची. नाही तर गाडी विकायची आणि कचरा ठेकेदाराला द्यायचा. मी इतिवृत्त लिहीत होतो आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारत होतो.

दुसऱ्या दिवसापासून भाभी घंटागाडीच्या केबिनमध्ये. डोक्यावर पदर, हातात पानाची डबी, अगदी टँकरच्या दिवसांसारख्या. आमची गाडी इतकी वर्षं पंचायतीपासून सुरू व्हायची आणि भरत भरत गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. तिथून काठोकाठ भरलेली गाडी परत सगळं गाव ओलांडून, माळावरचा चढ चढून कचरा डेपोला. का, तर पहिल्या दिवशी कुणीतरी तशी नेली होती. भाभींनी रस्ता उलटा केला. लांबच्या टोकापासून सुरुवात आणि डेपोच्या बाजूची आळी शेवटी. "रिकामी गाडी पाह्यजे तेवढी पळव. भरली की सीधा डेपो," हा त्यांचा टँकरचा कायदा. दारात गाडी उभी असताना इंजिन सुरू दिसलं की त्या किल्ली काढून कमरेला खोचायच्या. पाऊस लागला तशी त्यांनी गाडीवर ताडपत्री बांधायला लावली. अजीज कुरकुरला, कचऱ्याला काय सर्दी होणार आहे? "आभाळाचं पाणीसुद्धा फुकट वाह्यचं न्हाई," हे त्यावरचं उत्तर.

पण खरी लढाई माठांवरून झाली.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला नवा माठ येतो आणि जुना, झिरपेनासा झालेला, उकिरड्यावर जातो. मुदत मिळाली ती नेमकी त्याच दिवसांत. भाभी दारोदार फिरल्या. जुना माठ फेकू नका, त्याच्या बुडाला भोकं पाडा, दारात दोन विटांवर ठेवा आणि भाजीचे देठ, साली, खरकटं त्यात टाका. पाणी खाली गळेल, उरलेलं मातीचा माठ पिऊन टाकेल, आणि गाडीत पडेल तो कचरा निम्म्यानं हलका. भोक पाडायची रीतही त्या दाखवायच्या: माठ ओल्या पोत्यावर पालथा घालायचा, खिळा ठेवून दगडानं हलकेच ठोकायचं. एक, दोन, तीन.

तीन म्हटल्याबरोबर आळीत आग लागली. भोक पाडलेलं मडकं कुठं असतं हे कुणाला सांगायला नको. मसणात, अग्नी देणाऱ्याच्या खांद्यावर. चितेभोवती तीन फेऱ्या, फेरीला एक भोक, आणि शेवटी मडकं मागे टाकून फोडायचं. तसलं मडकं आपल्या हातानं दारात मांडायचं? भाभींच्या शेजारच्या मथुराबाई तर अंगणात उभ्या राहून कडाडल्या, "भाभी, तुमचं कुंकू गेलंय, आमचं शाबूत हाय! तीन भोकाचं मडकं मी दारात ठिवणार न्हाई!"

असं काही ऐकून दुसरी कुणी बाई रडत घरात गेली असती. भाभींनी हातातला माठ पुन्हा पोत्यावर ठेवला, खिळा घेतला आणि ठोकला.

"तीन अशुभ असतील तर चार पाडा," त्या म्हणाल्या. "पाणी जल्दी जाईल."

आणि तो चार भोकांचा माठ त्यांनी स्वतःच्या दारात, रांगोळीच्या शेजारी मांडला. मी आयुष्यभर फायली सरकवल्या, कुणाला उलटून बोललो नाही. त्या दिवशी त्या ठोक्यांच्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. घरी गेलो आणि आमचाही माठ पालथा घातला. बायको म्हणाली, तीन का चार? म्हटलं, चार.

हळूहळू माठ दिसू लागले. आधी मास्तरांच्या दारात, मग किराणावाल्याच्या, मग सगळ्या आळीत. सगळे चार भोकांचे. मथुराबाईंनी मात्र पुढच्या दारात शेवटपर्यंत ठेवला नाही. त्यांचा माठ मागच्या दारी, शेवग्याच्या बुडाशी होता. शेवगा असा काही फोफावला, की शेंगा भाभींच्या कौलांवर लोंबायला लागल्या. भाभी त्या तोडून आमटीत टाकायच्या आणि वाटीभर आमटी मथुराबाईंकडे पाठवायच्या. मथुराबाई ती खायच्या आणि वाटी परत देताना नेमानं भांडायच्या.

दसऱ्याला गाडी गावाचीच राहिली. माळावरचा चढ चढताना रडणारी गाडी आता गुणगुणत चढते, असं अजीज सांगायचा. ठेकेदाराची मोठी गाडी आमच्या वेशीवरून परत फिरली तेव्हा भाभींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाजारात मेथीची जुडी झटकत होत्या.

यंदाच्या उन्हाळ्यात भाभी आजारी पडल्या. जालन्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा विनोद उशाशी बसलेला. भाभींचा आवाज खोल गेला होता, पण हुकूम तोच. "इन्या, एक ध्यानात ठेव. माझ्या वक्ताला मडकं फोडायचं न्हाई. चांगलं कामाचं मडकं हाय." विनोदनं तोंड फिरवलं. मलाही तिथं थांबवेना. चार दिवसांनी त्या गेल्या. मला माझी आई गेली तेव्हा इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

आणि आमचं गाव ते आमचंच गाव. चिता रचली जात होती तेवढ्यात कुजबुज सुरू झाली: दारात मसणातलं मडकं मांडलं, त्यानंच घात केला. सरपंच माझ्या कानाशी लागून म्हणाले, आता भाभी नाहीत, ते ठेकेदाराचं पुन्हा बघावं लागेल. विनोदनं तीन फेऱ्या घातल्या. तीन भोकांतून पाणी त्याच्या पाठीवर गळत राहिलं. "फोड," भटजी म्हणाले. विनोद तसाच उभा. "फोड रे, जीव अडकतो त्यांचा," चुलते ओरडले. त्यानं मडकं खांद्यावरून उतरवलं आणि अलगद जमिनीवर ठेवलं. "माझी आई कशात अडकली नाही कधी," तो म्हणाला.

मसणातली वस्तू घरी आणत नाहीत. त्या मडक्याला हात लावायला कुणी पुढे होईना. शेवटी कडेला उभा असलेला अजीज आला. "तुमचं सुतक मला थोडंच लागतं?" असं म्हणत त्यानं ते उचललं, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं आणि भाभींच्या दारात नेऊन मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम आळीत गेलो. जे वाटलं होतं तेच झालं होतं. एकाही दारात माठ नव्हता. रातोरात सगळे आत गेले होते किंवा फुटले होते, भाभींच्या दारातला जुना माठसुद्धा. भाभींच्या दारातलं ते एकटं मडकं आणि त्याला वळसा घालून जाणारी माणसं. अजीज गाडी घेऊन आला. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मथुराबाईंचं दार उघडलं. कपाळाला ठसठशीत कुंकू, काखेत ओलं पोतं, एका हातात खिळा नि दगड, दुसऱ्या हातात भाजीच्या सालींची पाटी. कुणाकडे न बघता त्या भाभींच्या पायरीशी बसल्या. मसणातलं ते मडकं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, पोत्यावर पालथं घातलं आणि खिळा ठेवून ठोकायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्या थांबल्या नाहीत. चौथं भोक पडलं तसं मडकं सुलटं करून त्यांनी विटांवर बसवलं आणि सगळ्या साली त्यात ओतल्या.

मग त्या उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि बंद दारांकडे बघून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "माठ कुठं हायत तुमचे? काढा भाईर! गाडी थांबून राह्यली!"

समोरच्या घराची कडी वाजली.