बांधावरच्या काड्या

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून शिकतोच आहे. त्यामुळे रानातल्या माशांबद्दल लिहायचा मला अधिकार आहे की नाही, हे ठाऊक नाही. चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. म्हणजे माशांबद्दलचं चुकलं तर. बाकीचं मला नीट आठवतं.

मुखेडजवळ आमचं रान आहे. करडई फुलली की बांधाच्या उघड्या मातीत बारीक भोकं दिसू लागतात. मधमाशीच्या कुळातली एक राखी, केसाळ माशी तिथं घर करते. ती पोळं करत नाही. प्रत्येक मादीचं बीळ वेगळं, संसार एकटीचा. त्याच दिवसांत, ऊन कललं की लांबलचक मिशांच्या माशा करडईची काडी जबड्यात धरून झोपलेल्या दिसतात. या दोन वेगळ्या माशा आहेत, असंच मी समजत होतो.

लातूरला कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, मिशा लांब असतात त्या नरांच्या, मादीच्या आखूडच. पण कुठला नर कुठल्या मादीचा, हे सांगणं सोपं नाही. या माशांच्या कितीतरी जाती दिसायला सारख्याच. पंखावरच्या शिरांमध्ये दोन खण की तीन, एवढ्यावरून एकेकाळी त्यांच्या वेगळ्या प्रजाती मानल्या गेल्या. पुढं त्यांतल्या काही पुन्हा एकत्र केल्या.

सर म्हणाले, "जोडी लावायची तर बिळापासून बघ. मादी कुठली, तिच्याशी जमणारा नर कुठला. तेवढं आणलंस तर नाव सांगणारी माणसं आहेत." माझा सगळा प्रकल्प त्या बांधावर आला.

सुट्टीत गेलो आणि प्रत्येक बिळाशेजारी तुरीची काडी रोवली, वर जुन्या साडीची लाल चिंधी बांधली. बांध आमचा आणि काकांचा सामाईक. म्हणून काकांच्या घरी गेलो.

"काका, हरभरा निघाला की ट्रॅक्टर बांधापासून जरा लांब ठेवा. माझ्या माशा हायत तिथं."

"एवढं शिकून माशाच मारणार व्हय रे?" काकू चहा गाळत म्हणाली.

काका हसले. "ठिवतो की. तुझा बाप दरसाल बांध कोरून राहिला, तिथं माशांनी कोरला तर काय बिघडतंय?"

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वडील हसले नाहीत. "काड्या कुठवर रोवल्यास?" एवढंच विचारलं. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना बांधावर नेऊन एकेक काडी दाखवली.

परीक्षा देऊन परत आलो तेव्हा आमची करडई अजून फुलात होती. काकांचा हरभरा निघाला होता आणि त्याच्याबरोबर बांधही नांगरला होता. ढेकळांवर दोन-तीन माद्या खाली-वर घिरट्या घालत होत्या, पायांना पिवळा पराग तसाच. त्या बीळ शोधत होत्या.

काका वाटेत भेटले.

"काका, तुम्ही शब्द दिला होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "लई शिकलास. आता माप बी कॉलेजातून आणून राहिलास."

मला काही कळलं नाही. शब्द मोडणारा माणूस काहीतरी बोलणारच, असं वाटलं. वडील म्हणाले, "मी सांगत न्हवतो? तो असाच हाय." मी ते मानलं. सरांना सांगितलं की जोडी लागणार नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मांडवात गेलो, पण जेवलो नाही. काकांनी दोनदा माणूस पाठवला तरी उठलो नाही.

तीच बहीण रेणापूरला दिलेली. काकांना ती दादा म्हणते, माझ्या वडिलांना आम्ही अण्णा. परवा लातूरच्या स्टँडवर भेटली. बसला उशीर होता. तिनं आधी घरचं सगळं विचारलं, मग म्हणाली, "तू आमच्याकडं जेवला न्हाईस, ते दादांना लई लागलं रे."

"बांध कुणी मोडला, तायडे?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुला खरंच ठाव न्हाई? तुझ्या काड्या उपटून बांध सोडून आत, आमच्या हरभऱ्याच्या तासात रोवल्या होत्या. तुझ्या अण्णांनी दादांना तिथं नेऊन दाखवलं. म्हनले, शिकलेल्या पोरानं मोजून रोवल्यात, आमची हद्द इथवर हाय."