उभ्यानं भाकरी

ऑक्युपेशनल थेरपी हा शब्द आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत कुणालाच धड म्हणता येत नव्हता. वडिलांनी पहिल्या वर्षी प्रयत्न केला, मग ‘ती मुंबईला डॉक्टरकीच्या बाजूचं काहीतरी शिकते’ यावर गाडी थांबवली. शेजारच्या काकू मला नर्सच समजत आणि सुट्टीत घरी आले की गुडघ्याला लावायचं औषध विचारत. एका मामांनी माझ्या पिशवीतून मी विणलेली वेताची टोपली काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “हे शिकायला मुंबई कशाला? आपल्या बाजारात बुरूड बसतात की.” राग माझ्या नाकावरच असायचा. त्या मामांशी मी दोन दिवस बोलले नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही टोपलीचं कारण नीट कळलेलं नव्हतं. अपघातात किंवा आजारात ज्याचे हातपाय अधू झाले, त्याला त्याचं रोजचं काम पुन्हा करता यावं म्हणून शिकवायचं, एवढीच ती विद्या. पण त्यासाठी आम्ही हाडं आणि स्नायू पाठ करायचो, माग चालवायचो, सुताराकडे रंधा मारायला शिकायचो. पुस्तकं सगळी परदेशी. त्यांतल्या चित्रांतल्या बायका एका हातानं बटाटे सोलत, बुटाच्या नाड्या बांधत आणि कायम हसत असत.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी मला सांगलीकडच्या एका इस्पितळात पाठवलं. साल चौसष्ट असेल किंवा पासष्ट. प्रत्येक विद्यार्थिनीला एक रुग्ण सोपवलेला असे. त्याला शिकवायचं, तो घरी गेल्यावर एकदा घरी जाऊन पाहायचं आणि अहवाल लिहायचा. तो अहवाल परीक्षेला धरत.

माझ्या वाट्याला आली ती कऱ्हाडजवळची, मलकापूरच्या पुढच्या एका खेड्यातली सून. वय बावीस-तेवीस. गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना तिचा उजवा हात आत ओढला गेला होता. अंगठा आणि तळवा राहिला होता, चारी बोटं गेली होती. जखम भरली होती. पदराखालून हात बाहेर काढायला मात्र तिनं आठवडा घेतला.

“काय करता यायला हवंय तुम्हांला?” मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

ती लगेच म्हणाली, “भाकरी.”

तिचा नवरा पलटणीत होता आणि दिवाळीला महिन्याच्या रजेवर येणार होता. हाताचं त्याला पत्रानं कळवलं होतं. घरात सासू-सासरे आणि एक जाऊ. तिची बोटं गेल्यापासून चूल जावेकडे गेली होती. “ह्ये येतील आन् भाकरी जावेच्या हातची खातील,” ती म्हणाली, “मग मी त्या घरात कोन, ताई?” मला तेवढं पुरलं. दिवाळीपर्यंत हिला भाकरी करता आलीच पाहिजे, असं मी मनाशी घेतलं.

शिकवायच्या खोलीत स्वयंपाकाचं टेबल नव्हतं. मी पुस्तकातलं चित्र घेऊन इस्पितळाच्या सुताराकडे गेले. चित्राखाली उंची इंचात दिली होती. म्हातारा सुतार चष्मा वर करून म्हणाला, “बाई किती उच हाय? जरा हिकडं घिऊन या की तिला.” मला पुस्तकावर शंका घेतलेली खपली नाही. “इथं लिहिलंय तेवढंच करा,” मी म्हणाले. त्यानं केलं. टेबलावर एक सपाट, गुळगुळीत फळी आणि शेजारी तेवढ्याच उंचीवर शेगडी.

भाकरीत अवघड काय असतं ते मला तेव्हा कळलं. पीठ एका हातानं मळता येतं. थापताही येतं. थापलेली भाकरी न मोडता उचलायची, तिथं दोन्ही हात लागतात. पंधरा दिवस आम्ही दोघी त्याच्याच मागे होतो. शेवटी तोडगा तिलाच सापडला. तिनं फळी टेबलाच्या बाहेर चार-सहा बोटं सरकवली, उजव्या तळव्यानं भाकरी हळूच काठाकडे ढकलली आणि खाली डावा हात धरला. भाकरी अलगद त्या हातावर आली आणि तिथून तव्यावर गेली. मी टाळ्या वाजवल्या. ती लाजली.

टेबलाशी ती टाचा उचलून उभी राहायची. मला वाटलं, उत्साहानं.

महिन्याभरात ती घरच्या माणसांपुरत्या भाकऱ्या करू लागली. इस्पितळात आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी पाहून मान डोलावली. मी अहवालात लिहिलं, ‘रुग्ण स्वयंपाकात स्वावलंबी’, आणि त्याखाली रेघ ओढली.

तिला घरी पाठवून तीन आठवडे झाल्यावर मी एस.टी.नं कऱ्हाडला उतरले आणि तिच्या गावी गेले. दिवाळी दहा दिवसांवर होती. अंगणात सासूनं पाण्याचा तांब्या दिला. सून दारातच उभी होती, आणि तिचा हात पुन्हा पदराखाली गेलेला मला दिसला.

“करून दाखवता?” मी विचारलं.

ती आत गेली आणि चुलीपुढं खाली बसली.

चूल जमिनीवर, परात जमिनीवर, बाई पाटावर एक गुडघा उभा करून बसलेली. जमिनीला काठ नसतो. भाकरी सरकवून खाली हात धरायचा तर खाली जागाच नव्हती. पहिली भाकरी उचलताना मोडली. दुसरी तव्याच्या कडेवर पडून दुमडली. मी धावत जाऊन दोन विटा आणल्या, त्यांवर घरातली एक फळी ठेवली. हात खाली गेला, पण उभा गुडघा आड आला आणि तिसरी चुलीच्या राखेत पडली. ती भाकरीवरची राख झटकत बसली.

“तितं उभ्यानं येत हुतं, ताई,” ती म्हणाली. “हितं बसाया लागतंय.” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

माझी आई साताऱ्याला जन्मभर पाटावर बसून स्वयंपाक करत आली होती. मी लहानपणापासून तिच्याशेजारी बसून गरम भाकरी खाल्ली होती. आमच्या गल्लीतल्या एकाही घरात उभ्याचा ओटा नव्हता. हे सगळं ठाऊक असणारी मी, एका परदेशी चित्रावरून टेबल करून घेतलं आणि त्याच्याशी या बाईला महिनाभर उभं केलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मामांचं टोपलीवरचं बोलणं आठवलं.

मी सासूला म्हणाले, चूल उंच करून घेता येईल का? म्हातारी सुनेच्या बाजूची होती, पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सासरे ओसरीवरून म्हणाले, “उभ्यानं रांदाय ही काय खानावळ हाय? घरची चूल भुईवर असती. आमी काय आजच संसार मांडलाय व्हय?” जावेनं पिठाची परात आपल्याकडे ओढली आणि भराभर चार भाकऱ्या टाकल्या. त्यातली एक मला वाढली. सून माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. मी ती भाकरी कशी गिळली ते माझं मला माहीत.

परत येऊन मी बाईंना सगळं सांगितलं आणि अहवालातलं ते वाक्य खोडलं. परीक्षेत नापास व्हायची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची. डोळ्यांपुढं दिवाळी यायची, आणि पलटणीतून आलेल्या माणसाच्या ताटात जावेच्या हातची भाकरी. बाई म्हणाल्या, “खोडलंस ते ठीक. आता पुन्हा जाऊन ये.” मला जायचा धीर नव्हता. मी कामाची सबब सांगत दिवाळी काढली, मग आणखी पंधरा दिवस काढले.

शेवटी गेले. अंगणात लष्करी स्वेटर घातलेला एक माणूस म्हशीला वैरण टाकत होता. मी कोण ते सांगितल्यावर तो हसला. “तुमीच व्हय त्या टेबलवाल्या ताई! या, या.” परसात पत्र्याच्या छपराखाली त्यानं मला नेलं. तिथं विटामातीची, शेणानं सारवलेली नवी चूल होती, कमरेएवढी उंच. शेजारी तेवढाच ओटा, त्याच्या काठाबाहेर आलेली फळी.

तो सांगू लागला. “आल्या दिवशी हिनं केलेल्या भाकरीचं तुकडंच ताटात आलं. म्हनलं, ह्ये काय? तवा आईनं समदं सांगितलं. मी आबास्नी म्हनलं, आवं, आमच्या लंगरात समदी उभ्यानंच रांदत्यात. दोनशे मानूस जेवतंय. कुनाचं काय वाईट झालं?” पलटणीतल्या स्वयंपाकघरापुढं सासऱ्यांचं काही चाललं नाही. माती सासूनंच तुडवून दिली, आणि गुडघे दुखतात म्हणून आता तीही तिथंच उभी राहून आमटी करायची.

सून भाकरी थापत होती. फळीच्या काठावरून भाकरी तिच्या डाव्या हातावर आली, तव्यावर गेली आणि फुगली. ओट्यावर हात ठेवून मी म्हणाले, “उंची बरोबर आहे बघा. आमच्या टेबलाएवढीच.”

“न्हाई, ताई.” तिनं डावा हात पुसला आणि चारी बोटं एकाला एक लावून ओट्यावर उभी धरली. “तुमचं टेबल येवढं वर हुतं. ह्यांनी मला भितीला हुबं करून माझ्या कोपराशी कोळशानं रेघ वडली आन् मग इटा लावल्या.”

तेव्हा मला तिच्या उचललेल्या टाचा आठवल्या. महिनाभर, रोज.

“मग तिथं सांगितलं का नाही?”

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. उलटून झाल्यावर म्हणाली, “तुमी इचारलं कुटं?”

मग तिनं पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी तिथंच, चुलीशी उभ्यानं, ती सगळी खाल्ली.