दुपारचं पाणी

लॅन्सीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. हॉटेलच्या लाँड्रीची बस सव्वाचारला आखातातल्या आमच्या वस्तीतून, इंटरनॅशनल सिटीतून सुटे आणि तो अंधार पडल्यावर परते. सुट्टीलाही ओव्हरटाइम. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मी पाइप फिटर होतो.

जूनमध्ये त्याची आई वसईत वारली. त्याला रजा मिळाली नाही. ऑगस्टमध्ये बायको ओल्गा पहिल्यांदाच इथे येणार होती. आई नाताळात करायची ती आल्याची बिअर, नशा नसलेली, तिच्यासाठी करायची असं त्याने ठरवलं.

त्यासाठी त्याने एक सुट्टी खरीच घेतली. दुपारी आलं-साखर उकळली, गार व्हावी म्हणून नळाचं पाणी ओतलं, लगेच यीस्ट घातलं. तीन दिवसांनी झाकण उघडलं, तर नुसतं गोड पाणी.

"यीस्ट बोगस. खलास," तो म्हणाला. "आईचा हात आईबरोबर गेला."

"हाताचं नाव नको घेऊस," मी म्हणालो. "दुपारी नळाखाली बोट धरलंस का?"

गच्चीवरची टाकी उन्हात तापते. दुपारी नळाचं पाणी चटका देतं, त्यात यीस्ट मेलं होतं. लॅन्सीला फक्त पहाटेचं पाणी ठाऊक होतं.

पुढच्या वेळी त्याने पाणी फ्रिजमध्ये ठेवलं, उकळलेल्यात मिसळलं, मनगटावर थेंब घेऊन पाहिला, मगच यीस्ट घातलं.

ओल्गासमोर बाटली फसफसली. तिने घोट घेतला.

"तुझ्या मम्मीपेक्षा आलं जास्त घातलंस," म्हणाली आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

अकरा वर्षांच्या पगारातून लॅन्सीने स्वतःसाठी एकच गोष्ट घेतली, ओल्गाचं ते विमानाचं तिकीट.